पूर्णचंद्र आणि जागे मन

आश्विन शुद्ध पौर्णिमेची रात्र महाराष्ट्रात कोजागरी म्हणून ओळखली जाते. त्या रात्री घरांच्या गच्च्यांवर, सोसायट्यांच्या आवारात आणि मंडळांच्या अंगणात आटीव दुधाची पातेली चढतात, केशर-वेलदोड्याचा दरवळ सुटतो आणि दुधात चंद्राचे बिंब पाहून पेले रिते होतात. गाणी होतात, भेंड्या होतात आणि मध्यरात्र टळली की मंडळी पांगतात. या आनंदात गैर काहीच नाही. परंतु ज्या प्रश्नावरून या रात्रीला तिचे नाव मिळाले, तो प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी विचारला जात नाही. मध्यरात्री लक्ष्मी पृथ्वीवर संचार करते आणि 'कोण जागे आहे?' असे विचारते, ही या व्रतामागील श्रद्धा आहे. दूध पिण्यासाठी जागे राहिलेला आणि खऱ्या अर्थाने जागा असलेला, या दोघांतील भेद ओळखणे हेच त्या प्रश्नाचे प्रयोजन होय.

आज पौर्णिमेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा समाजात रूढ झालेल्या दिसतात. दूरदर्शनच्या वाहिन्यांवरून आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून अहोरात्र चालणारा भविष्याचा बाजार ही त्यांतील एक. अमुक पौर्णिमेला अमुक राशीवर संकट, त्यावर अमुक खडा, अमुक यंत्र, अमुक रकमेची पूजा, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. या बाजाराकडे बोट दाखवून चंद्र म्हणजे केवळ दगडमातीचा गोळा आणि पौर्णिमा म्हणजे केवळ अडाण्यांचा खुळचटपणा, अशी हेटाळणी करणे ही दुसरी तऱ्हा. एकीकडे भीती विकली जाते, दुसरीकडे उपहास वाटला जातो. या दोहोंच्या ओढाताणीत परंपरेने पौर्णिमेला जो आशय दिला, तो सुशिक्षित घरांतूनही हळूहळू पुसला जात आहे. म्हणूनच त्याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

भारतीय पंचांगाची पाच अंगे म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यांपैकी तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतरावरून ठरते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. हे अंतर १६८ अंशांवर गेले की पौर्णिमा लागते आणि १८० अंश पूर्ण झाले की ती संपते. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकत्र असतात, पौर्णिमेला ते परस्परांच्या समोर उभे असतात. सूर्य मावळतो त्याच सुमारास पूर्वेला पूर्णचंद्र उगवतो आणि सूर्य उगवू लागला की तो मावळतीला टेकतो. प्रकाशाने प्रकाशाच्या हाती सूत्रे द्यावीत आणि मध्ये अंधाराला फारशी जागा उरू नये, असा हा महिन्यातील एकमेव दिवस आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंतचा सरासरी काळ सुमारे २९.५३ दिवसांचा असतो आणि याच काळावर चांद्रमासाची उभारणी झालेली आहे.

महिन्यांची नावेही पौर्णिमेनेच दिलेली आहेत. पूर्णचंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखेपाशी असतो तो वैशाख, श्रवणाजवळचा श्रावण, कृत्तिकांजवळचा कार्तिक, मघांजवळचा माघ. घरातील लहान मूल बारा महिन्यांची नावे पाठ म्हणते, तेव्हा ते नकळत आकाशाचा एक नकाशाच म्हणत असते. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात आणि दक्षिणेत तो अमावास्येला संपतो. त्यामुळे कृष्णपक्षातील महिन्याचे नाव दोहोंकडे वेगळे पडते, पण पौर्णिमेचे नाव मात्र सर्वत्र एकच राहते. काशीतील कार्तिकी पौर्णिमा आणि गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर नौका सोडून साजरी होणारी त्रिपुरारी पौर्णिमा ही एकच तिथी असते. प्रदेशांच्या रीती भिन्न असतात, पण वर पाहिले की चंद्र एकच दिसतो.

ज्योतिषशास्त्राच्या जातक शाखेत चंद्राला जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही ग्रहाला क्वचितच असेल. सूर्य हा आत्म्याचा कारक आणि चंद्र हा मनाचा कारक, ही त्या शास्त्राची मूळ धारणा आहे. जन्मवेळी चंद्र ज्या राशीत असेल, ती जन्मरास. तो ज्या नक्षत्रात असेल, ते जन्मनक्षत्र. विंशोत्तरी दशेचा सारा हिशेब याच नक्षत्रावरून सुरू होतो. चंद्र कर्क राशीचा स्वामी, वृषभेत उच्चीचा आणि वृश्चिकेत नीचीचा मानला जातो. माता, जल आणि औषधी वनस्पती यांच्याशीही त्याचा संबंध जोडला आहे. या धारणेचे मूळ बरेच मागे जाते. ऋग्वेदातील पुरुषसूक्तात चंद्राची उत्पत्ती विराट पुरुषाच्या मनापासून आणि सूर्याची उत्पत्ती त्याच्या नेत्रापासून सांगितली आहे. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत रसरूप सोम होऊन सर्व वनस्पतींचे पोषण करतात, असे वर्णन आहे. मन, रस आणि पोषण या तीन सूत्रांनी भारतीय मनाने चंद्राशी नाते जोडले आहे.

आणखी एक मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्योतिषग्रंथांत गुरू आणि शुक्र हे स्वभावतः शुभ मानले जातात, शनी आणि मंगळ पापग्रह मानले जातात. चंद्राचे मात्र तसे नाही. वराहमिहिराने क्षीण चंद्राची गणना पापग्रहांत केली आहे, तर बलवान चंद्र शुभ ठरतो. या बळाला पक्षबळ म्हणतात आणि ते पौर्णिमेला परमावधीला पोहोचते. याचा आध्यात्मिक अर्थ लावायचा तर तो असा की, मन मूलतः चांगले नसते आणि वाईटही नसते. ते आत्मतत्त्वाकडे किती तोंड करून उभे आहे, यावर त्याचे शुभत्व अवलंबून असते. अमावास्येचा चंद्र सूर्याच्या अगदी जवळ असूनही पृथ्वीकडे असलेली त्याची बाजू काळोखात असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापासून सर्वांत दूरच्या बाजूला असतो, पण त्याचे जे मुख जगाला दिसते, तेच संपूर्णपणे सूर्याला सन्मुख असते. सान्निध्यापेक्षा सन्मुखता मोठी, हा पौर्णिमेचा पहिला धडा आहे. मंदिराच्या गाभाऱ्याशी रोज उभा राहणारा, पण जगाशी वागताना काळोखी बाजूच दाखवणारा मनुष्य आणि दूर शेतात राबताना ईश्वराला न विसरणारा मनुष्य, या दोघांत पौर्णिमा कोणाच्या घरी आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, हे या देशाला आधुनिक दुर्बिणीने शिकवलेले नाही. सूर्याचा एक किरण चंद्राला प्रकाशित करतो, असे यास्काचार्यांनी निरुक्तात नोंदवले आहे. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने आपल्या ग्रंथात चंद्र आणि ग्रह सूर्यामुळे प्रकाशतात, तसेच ग्रहणे छायेमुळे होतात, हे स्पष्टपणे मांडले. ही माहिती असलेल्या परंपरेने चंद्राला मनाचे प्रतीक मानले, यात योगायोग नाही. मन बुद्धिमान दिसते, भावनांनी ओथंबते, कल्पनेच्या भराऱ्या घेते, पण त्या साऱ्या व्यापारांमागील चैतन्य त्याचे स्वतःचे नसते, असे वेदान्त सांगतो. उसन्या प्रकाशाने शोभणाऱ्याने अहंकार करू नये, हा पौर्णिमेचा दुसरा धडा. पूर्णचंद्र सूर्याच्या प्रखर प्रकाशाला शीतल करून पृथ्वीवर पाठवतो. विद्या, सत्ता, संपत्ती यांचे तेज ज्याच्या वाट्याला आले, त्याने ते असेच निववून समाजाला द्यावे, ही अपेक्षा यात अंतर्भूत आहे. ज्ञानदेवांनी पसायदानात सज्जनांचे वर्णन करताना डाग नसलेला चंद्र आणि ताप नसलेला सूर्य या दोन उपमा योजल्या, त्यामागील दृष्टी हीच होती.

पौर्णिमा आणि ग्रहण यांच्या नात्यातही असाच बोध दडलेला आहे. चंद्रग्रहण होते ते पौर्णिमेलाच. मग प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या छायेच्या वरून किंवा खालून निसटून जातो. दोन्ही मार्ग जेथे छेदतात, त्या बिंदूंना राहू आणि केतू ही नावे आहेत. पूर्णचंद्र त्यांच्या निकट आला, तरच पृथ्वीची सावली त्याला ग्रासते. आत्मा आणि मन समोरासमोर असताना मध्ये पार्थिव आसक्ती नेमकी आडवी आली की ग्रहण लागते, असा याचा साधकासाठी अर्थ होतो. प्रकाश देणारा तोच असतो, घेणाराही तोच असतो, पण मधल्या सावलीमुळे पूर्णत्वाच्या रात्रीच काळोख होतो. व्यक्तींच्या आणि संस्थांच्याही आयुष्यात असे घडते. यशाच्या पौर्णिमेला स्वार्थाची सावली पडल्याची उदाहरणे सार्वजनिक जीवनात शोधावी लागत नाहीत.

चंद्राच्या सोळा कला हा शब्दप्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तिथी तर पंधराच असतात, मग सोळावी कला कोणती? बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात याचे मोठे मार्मिक विवेचन आहे. संवत्सररूपी प्रजापतीला सोळा कला आहेत. त्यांतील पंधरा कला म्हणजे रात्री, त्यांनी तो भरतो आणि ओसरतो. सोळावी कला ध्रुव आहे, ती वाढत नाही आणि घटतही नाही. अमावास्येच्या रात्री सारे सरल्यासारखे वाटते, तेव्हा त्या सोळाव्या कलेच्या रूपाने तो सर्व प्राणिमात्रांत प्रवेश करतो. म्हणून त्या रात्री कोणत्याही जिवाची, अगदी सरड्याचीही, हत्या करू नये, असे उपनिषद बजावते. पुढे ते हाच दृष्टान्त माणसाला लावते. माणसाचे वित्त म्हणजे त्याच्या पंधरा कला, ते येते आणि जाते. त्याचा आत्मा ही सोळावी कला. वित्त ही चाकाची धाव आहे, आत्मा हा मधला तुंबा. माणसाचे सारे वित्त गेले, पण तो स्वतः शाबूत असला, तर लोक म्हणतात की याची केवळ धाव गेली.

मध्यमवर्गीय कुटुंबांनी आज हा दृष्टान्त भिंतीवर लावून ठेवावा, इतका तो समयोचित आहे. घराचा हप्ता, मुलांच्या प्रवेशपरीक्षा, नोकरीतील अस्थिरता, शेजाऱ्याच्या मोटारीशी चाललेली मूक स्पर्धा, या साऱ्या धावेच्या चिंता आहेत. त्या खोट्या नाहीत. गृहस्थाश्रमाने अर्थ हा पुरुषार्थच मानला आहे. परंतु धाव निखळली म्हणजे गाडीच संपली, अशी समजूत करून घेतलेली माणसे जेव्हा जीवन संपवण्यापर्यंत जातात, परीक्षेतील एका अपयशाने कोवळी मुले खचतात, तेव्हा तुंब्याचा विसर किती खोलवर गेला आहे, याची जाणीव होते. भविष्य सांगणारा त्यांना पंधरा कलांचे वेळापत्रक देतो. सोळाव्या कलेची आठवण करून देणारा घरात कोणीतरी असावा लागतो. आजी, आई, वडील किंवा शिक्षक हे काम करीत असत. ते काम आता वाहिन्यांवर सोपवून चालणार नाही.

वैदिक काळी पौर्णिमा ही केवळ पाहण्याची तिथी नव्हती. अमावास्या आणि पौर्णिमा या पर्वांशी जोडलेला दर्शपूर्णमास याग हा सर्व इष्टींचा आदर्श मानला जाई. पर्वदिवशी अन्वाधान म्हणजे अग्नीची सिद्धता आणि प्रतिपदेला इष्टी, असा त्याचा क्रम. आजही पंचांगाच्या पानांवर 'अन्वाधान' आणि 'इष्टी' हे शब्द छापलेले आढळतात. वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचा अर्थ ठाऊक असतो. पूर्णत्व आले की लगेच दुसऱ्या दिवशी आहुती द्यायची, हा त्या क्रमातील संकेत आहे. भरलेला चंद्र दुसऱ्या रात्रीपासून कमी होऊ लागतो. जे भरले आहे ते सृष्टीच्या नियमाने ओसरणारच आहे, मग ते हातून निसटण्याआधी स्वेच्छेने अर्पण का करू नये? वैदिक वाङ्मयात पौर्णिमेच्या दोन देवता सांगितल्या आहेत. एक कला उणी असतानाची अनुमती आणि परिपूर्ण चंद्राची राका. अनुमती म्हणजे संमती. पूर्णत्वाच्या एक पाऊल अलीकडे संमती उभी आहे, हे सूचक आहे. मनाने आतून होकार दिल्यावाचून कोणतेही पूर्णत्व लादता येत नाही.

या दृष्टीने वर्षभरातील पौर्णिमांची मालिका पाहिली, म्हणजे समाजरचनेमागील दूरदृष्टी प्रत्ययास येते. चैत्रात हनुमंताचे स्मरण आणि वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा, ज्येष्ठात वटवृक्षाचे पूजन, आषाढात व्यासांचे आणि गुरूंचे स्मरण, श्रावणात समुद्राला नारळ आणि बहिणीची राखी, मार्गशीर्षात दत्तजन्म, फाल्गुनात होळी. गुरू-शिष्य, बहीण-भाऊ, पती-पत्नी, माणूस आणि वृक्ष, कोळी आणि सागर, अशा एकेका नात्याला एकेक पौर्णिमा वाटून दिलेली आहे. मनाचा कारक पूर्ण बळात असताना नात्यांचे नूतनीकरण करावे, अशीच ही योजना भासते. संघाच्या शाखांवर साजऱ्या होणाऱ्या सहा उत्सवांपैकी गुरुपौर्णिमा आणि रक्षाबंधन हे दोन पौर्णिमेचेच आहेत. त्यांतील समर्पण आणि बंधुता हे दोन भाव पौर्णिमेच्या मूळ अर्थाशी सुसंगतच आहेत.

याहूनही महत्त्वाची गोष्ट आहे ती पौर्णिमेच्या सर्वसमावेशकतेची. वैशाखी पौर्णिमा ही भगवान बुद्धांची. ज्येष्ठ पौर्णिमा संत कबीरांची. आश्विन पौर्णिमा आदिकवी वाल्मीकींची. कार्तिकी पौर्णिमा गुरू नानकदेवांची आणि त्याच दिवशी चातुर्मासानंतर जैन यात्रेकरूंची पावले पुन्हा पालीताण्याच्या शत्रुंजय पर्वताकडे वळतात. माघी पौर्णिमा संत रविदासांची. ओडिशात कटकला कार्तिकी पौर्णिमेपासून बालियात्रा भरते आणि समुद्रमार्गे आग्नेय आशियात व्यापाराला गेलेल्या पूर्वजांचे स्मरण जागवते. श्रीलंकेत तर प्रत्येक पौर्णिमा 'पोया' म्हणून सार्वजनिक सुटीची असते. पंथ भिन्न, उपासना भिन्न, पण काळाचे सूत्र एकच. असे असूनही एकाच वस्तीत कोजागरीचे दूध पिणाऱ्यांना त्याच दिवशी वाल्मीकी जयंतीची मिरवणूक काढणाऱ्या बांधवांची आठवण होत नसेल, माघी पौर्णिमेला यात्रेला निघणाऱ्यांना रविदासांचे नाव स्मरत नसेल, तर पूर्णचंद्राखाली उभे राहूनही समाजमनाची अमावास्या संपलेली नाही, असेच म्हणावे लागेल. समरसतेची भाषणे पुष्कळ होतात. एका तिथीला एकत्र येणे हे त्यांहून सोपे आहे आणि कठीणही.

आता भीतीच्या बाजाराचा विचार स्पष्टपणे करायला हवा. पौर्णिमा-अमावास्येला वेड वाढते, अंगात येते, बाधा होते, ही समजूत खेड्यांतच नव्हे तर शहरांतील सुशिक्षित घरांतही आढळते. रॉटन आणि केली या संशोधकांनी १९८५ मध्ये अशा ३७ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हा पूर्णचंद्र आणि वेडसर वर्तन यांच्यात कार्यकारणसंबंध मानण्यास आधार नाही, असाच निष्कर्ष निघाला. उलट, २०२१ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अर्जेंटिनातील आदिवासी वस्त्या आणि अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहर या दोन्ही ठिकाणी पौर्णिमेच्या अगोदरच्या रात्री लोक उशिरा आणि कमी झोपतात, असे दिसून आले. चांदण्याचा आणि जागेपणाचा संबंध आहे, चांदण्याचा आणि भुताखेतांचा नाही. जागरणाचे व्रत पौर्णिमेला सांगणाऱ्या पूर्वजांचे निरीक्षण भीती विकणाऱ्यांपेक्षा अधिक नेमके होते, असे म्हणता येईल.

मनोविकाराचा रुग्ण घरात असताना त्याला वैद्याकडे नेण्याऐवजी पौर्णिमेची वाट पाहत एखाद्या भगताकडे नेणे, हा त्या रुग्णावर अन्याय आहे आणि धर्मावरही. चरकसंहितेने उन्मादाची गणना रोगांत केली, त्याची कारणे आणि चिकित्सा सांगितली. इतकेच नव्हे, तर जो स्वतःच्या कर्माने क्लेशात पडलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच कोणीही पीडा देत नाहीत आणि आपल्या प्रज्ञापराधातून उद्भवलेल्या व्याधीचा दोष देवांना लावू नये, असे बजावले आहे. चरकाच्या काळी जे समजले होते, ते आज विसरले जावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी आणि अघोरी प्रथांविरोधी कायदा अस्तित्वात आहे. परंतु चंद्राला मनाचे दैवत मानणाऱ्या समाजाने मनाच्या रोगांकडे करुणेने आणि विवेकाने पाहण्यासाठी कायद्याचा धाक लागावा, हे भूषणावह नव्हे.

फलज्योतिषाबद्दलही सत्य बोलण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील ज्योतिषांच्या सहकार्याने कुंडल्यांवरून बुद्धिमान आणि मतिमंद मुले ओळखण्याची चाचणी घेतली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ज्योतिषांचे यश नाणेफेकीहून सरस आढळले नाही. याचे खापर संशोधकांवर फोडून धर्माचे रक्षण होत नाही. वेदांग ज्योतिषाचे प्रयोजन यज्ञकाल ठरवणे हे होते, त्यात बारा राशींचा उल्लेखही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे सुपुत्र शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथात या शास्त्राचा इतिहास पुराव्यांनिशी मांडला. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीसाठी खटपट केली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि १९५७ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. परंपरेवर प्रेम करणाऱ्यांनीच परंपरेची चिकित्सा करावी, ही रीत या देशात नवी नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेच्या प्रारंभीच दैवज्ञाची पात्रता सांगितली. त्याला गणित यावे, त्याचे आचरण शुद्ध असावे, अशी अट घातली आणि शास्त्र न जाणता भविष्य सांगत फिरणाऱ्यांना 'नक्षत्रसूचक' ठरवून त्यांचा निषेध केला. आजच्या वाहिन्यांवरील किती जण या कसोटीला उतरतील, याचा विचार प्रेक्षकांनीच करावा.

मग फलिताची खात्री नसेल, तर चंद्र मनाचा कारक या धारणेला अर्थ तो काय उरला, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की, भविष्यकथन आणि आत्मपरीक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उद्या काय घडेल हे चंद्र सांगो वा न सांगो, आज मन कसे आहे हे पाहण्याची आठवण तो दर महिन्याला करून देतो. प्रतीक हे मोजमापाने सिद्ध होत नाही, ते आचरणाने सार्थ होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक चंद्रयान-३ उतरले, तेव्हा ज्या घरांतून टाळ्या वाजल्या, त्याच घरांतून आठवड्याभराने राखीपौर्णिमाही साजरी झाली. चंद्रावरील मातीचे पृथक्करण करणारी बुद्धी आणि चंद्राला मामा म्हणणारे मन, यांच्यात वैर असण्याचे काहीच कारण नाही. वैर उत्पन्न होते ते बुद्धीने तुच्छता धारण केली की, किंवा मनाने भीती.

राखीचेच उदाहरण घ्यावे. पौर्णिमेच्या पूर्वार्धात विष्टी म्हणजे भद्रा करण असते. तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण, हे साधे गणित आहे. पण दरवर्षी राखीपौर्णिमा जवळ आली की 'भद्रेत राखी बांधल्यास अनर्थ' असे संदेश घरोघर फिरू लागतात आणि बहिणी धास्तावतात. करण म्हणजे काय, ते पंचांगात कोठे पाहायचे, हे ठाऊक असलेल्या घरात शुभ वेळ पाहून राखी बांधली जाईल आणि मन स्वस्थ राहील. जे ठाऊक नाही, त्याचीच भीती घालता येते. म्हणूनच पंचांग वाचता येणे ही आजच्या काळात अंधश्रद्धेवरील मात्रा ठरू शकते.

तेव्हा पौर्णिमा कशी साजरी व्हावी? त्यासाठी खर्चाची आणि थाटमाटाची गरज नाही. घरातील मुलांना गच्चीवर नेऊन चंद्र कोणत्या नक्षत्रापाशी आहे, हे दाखवावे आणि महिन्याच्या नावाशी त्याचा मेळ घालून द्यावा. झेपेल त्याने उपवास करावा, झेपेल त्याने मौन पाळावे. घटकाभर दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बंद ठेवून कुटुंबाने एकत्र बसावे आणि गेल्या महिन्यात कोणाशी मन दुरावले, याचा प्रत्येकाने शोध घ्यावा. ज्यांचे भरले आहे, त्यांनी त्यातील काही अंश दुसऱ्याच दिवशी एखाद्या गरजवंतापर्यंत पोहोचवावा. इष्टीचा आजचा अर्थ याहून वेगळा करण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात कोणी मनाने आजारी आहे, त्यांनी लाज न बाळगता वैद्यकीय उपचार घ्यावेत आणि शेजाऱ्यांनी त्यांना आधार द्यावा. कार्यकर्त्यांनी कोजागरीच्या कार्यक्रमात वस्तीतील सर्वांना एकाच पंगतीत बसवावे, वाल्मीकींचे स्मरण करावे आणि दुधाचा पहिला पेला, ज्याच्या घरी दूध आटले नाही त्याच्या हाती द्यावा.

लक्ष्मी मध्यरात्री विचारते त्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी द्यायचे नसते. भीतीने डोळे मिटून बसलेला जागा नसतो आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला हसण्यात रमलेलाही जागा नसतो. ज्याचे मन सूर्याला सन्मुख आहे, ज्याने मधली सावली दूर सारली आहे आणि ज्याचा उसना प्रकाश शेजाऱ्याच्या अंगणात शीतल होऊन उतरतो, तोच जागा आहे. पंधरा कला येतील आणि जातील. सोळावी सांभाळणारी घरे जोवर या समाजात आहेत, तोवर कोणतीही अमावास्या त्याला कायमची ग्रासू शकणार नाही.